कसं चुकलं, ते बघा

लकवा मारलेल्या माणसाच्या घरी चौकशीला आलेले लोक आधी दोन गोष्टी विचारतात. "बोलते का?" आणि "ओळखते का?" गोंदिया शहराला चिकटलेल्या फुलचूरमध्ये हेच ऐकू येतं आणि आतल्या खेड्यांतही हेच. दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं, की निकाल तयार असतो: "मंग गेला कामातून." असं म्हणणारी माणसं वाईट नसतात, रात्री-बेरात्री गाडी काढून दवाखान्यात नेणारीही तीच असतात. पण त्या एका वाक्यानंतर खाटेवरच्या माणसाशी बोलणं हळूहळू थांबतं. त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोललं जातं. शेतीचे कागद त्याला न विचारता पुढे सरकतात. आणि पुष्कळदा त्याला यातलं बरंचसं कळत असतं.

मेंदूच्या इजेवर असे घाईचे निकाल देता येत नाहीत, हे ज्यांनी जन्मभर रुग्णांजवळ बसून दाखवून दिलं, त्यांचं नाव अलेक्सांदर रोमानोविच लुरिया. जन्म कझान शहरात, १६ जुलै १९०२ रोजी. मृत्यू मॉस्कोत, १४ ऑगस्ट १९७७ रोजी. मेंदूत इजा कुठे झाली आणि त्यामुळे बोलणं, आठवण, विचार, हाताचं काम यांत नेमकं काय बिघडलं, याचा मेळ घालणारी शाखा म्हणजे न्यूरोसायकॉलॉजी. तिच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. आधी ते मानसशास्त्रज्ञ झाले. पुढे स्टालिनच्या काळात त्यांच्या संशोधनावर सरकारी रोष ओढवला, तेव्हा त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन वैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि १९३७ मध्ये पदवी मिळवली. त्यांच्या कामाचा गाभा साधा आहे. रुग्ण चाचणीत किती चुकला, एवढ्यावर थांबायचं नाही. तो कसा चुकला, ते बघायचं. एकच काम दोन माणसांना जमत नसेल, तर त्यामागची कारणं अगदी वेगळी असू शकतात, आणि कारण वेगळं तर उपायही वेगळा.

आपल्याकडचे मेंदूविषयीचे बरेच गैरसमज या एका कसोटीवर तपासता येतात.

गैरसमज : वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली

१९४१ मध्ये जर्मनीशी युद्ध सुरू झाल्यावर लुरियांना दक्षिण उरल भागातल्या किसेगाच इथे, मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी ४०० खाटांचं रुग्णालय उभं करायला पाठवण्यात आलं. तिथे मे १९४३ मध्ये त्यांच्यासमोर एक तरुण आला. पुस्तकांतून तो झासेत्स्की या नावाने ओळखला जातो. युद्धाआधी तो तंत्रशिक्षण घेत होता. २ मार्च १९४३ रोजी बंदुकीची गोळी डोक्यात, डाव्या बाजूला मागच्या भागात शिरली. वय २३.

त्याला समोरच्या वस्तूचा उजवा अर्धा भाग दिसत नसे. स्वतःच्या शरीराचा उजवा भागही कधी कधी नाहीसा झाल्यासारखा वाटे. अक्षरं ओळखता येईनात. आपल्याच गावात रस्ता चुके. हातोडा हातात दिला तर तो कसा धरायचा, हे सुचत नसे. कोणीही बघणारा म्हणाला असता, हा गेला.

लुरियांनी त्याला जे प्रश्न विचारले त्यांतला एक आपण घरी करून बघण्यासारखा आहे. 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' ही एकाच माणसाची ओळख आहे का? आपण क्षणात सांगतो की पहिला काका आणि दुसरे आपले वडीलच. झासेत्स्कीला 'वडील' माहीत होते, 'भाऊ' माहीत होता, पण दोन शब्द जोडून तयार होणारं नातं त्याच्या डोक्यात उभंच राहत नसे. 'वर्तुळाच्या खाली चौकोन' या शब्दांवरून त्याला चित्र काढता येत नसे. म्हणजे शब्द शिल्लक होते; त्यांच्यातला 'खाली', 'वर', 'चा', 'ची' हा सांधा तुटला होता. गोष्टींची एकमेकांतली जागा ठरवण्याची जी क्षमता रस्ता शोधताना लागते, तीच नात्याची उतरंड समजून घेतानाही लागते, आणि गोळीने नेमका तोच भाग जायबंदी केला होता.

मग काय शाबूत होतं? इच्छा शाबूत होती, लाज होती, जिद्द होती, आपलं काय बिघडलंय याची पुरेपूर जाणीव होती. एक दिवस डॉक्टरांनी त्याला अक्षरांचा विचार न करता, हात न उचलता एक शब्द सलग लिहायला सांगितला. त्याने लिहिला. लिहिलेलं त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण वर्षानुवर्षं लिहून बसलेली हाताची सवय मेंदूच्या दुसऱ्या भागात सुरक्षित होती. त्या एका वाटेने तो पुढची पंचवीस वर्षं लिहीत राहिला. वाक्य सुचायचं आणि लिहीपर्यंत विसरायचं. मग पुन्हा सुरुवात. पानं सुमारे तीन हजार झाली. त्या पानांच्या आधारे लुरियांनी १९७१ मध्ये पुस्तक लिहिलं, ज्यात डॉक्टरचं बोलणं आणि रुग्णाचं स्वतःचं लिहिणं शेजारी शेजारी आहे. वैद्यकीय पुस्तकात रुग्णाला एवढी जागा क्वचितच मिळते.

वाचा जाण्याचेही प्रकार आहेत. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी डाव्या मेंदूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली. अशा माणसाला बोललेलं बरंच समजतं, पण शब्द बाहेर पडत नाहीत. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलटा प्रकार मांडला: रुग्ण भराभर बोलतो, पण त्याच्या बोलण्याला अर्थ लागत नाही आणि आपलं बोलणं त्याला नीट समजत नाही. घरच्या लोकांना पहिला रुग्ण 'मुका' वाटतो आणि दुसरा 'वेडा'. दोन्ही चूक. या अवस्थेला अफेजिया म्हणतात. त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ लागतो.

एका बाबतीत मात्र थांबून चालत नाही. बोलता बोलता अचानक जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर तो स्ट्रोक समजायचा आणि तडक मोठ्या दवाखान्यात जायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. मालिश, मंतरलेलं तेल, गावठी औषध यांत गेलेले तास परत मिळत नाहीत.

गैरसमज : नीट बोलतो-चालतो, म्हणजे डोकं ठीक आहे

हा गैरसमज पहिल्याइतकाच घातक आहे आणि त्याच्याकडे लक्ष फार कमी जातं. मोटारसायकलवरून पडलेला मुलगा. हेल्मेट नव्हतं. आठवडाभर बेशुद्ध, मग शुद्धीवर आला, घरी आला. बोलतो, सगळ्यांना ओळखतो, शाळेतल्या कविताही म्हणून दाखवतो. सगळे म्हणतात, वाचला. पुढच्या काही महिन्यांत मात्र घरात कुरबुरी सुरू होतात. कामाला सांगितलं तर 'हो' म्हणतो आणि बसून राहतो. पैसे हातात टिकत नाहीत. कोणासमोर काय बोलावं, हे कळत नाही. क्षुल्लक कारणावरून भडकतो. मग कोणी म्हणतं आळशी झाला, कोणी म्हणतं माजला, कोणी म्हणतं बाहेरचं लागलं.

लुरियांनी कपाळामागच्या भागाला, म्हणजे फ्रंटल लोबला, इजा झालेल्या शेकडो रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांतला एक प्रयोग विसरता येत नाही. रुग्णाला सांगायचं, दिवा लागला की हातातला रबरी फुगा दाबा. रुग्ण सूचना जशीच्या तशी म्हणून दाखवतो. दिवा लागतो. रुग्ण तोंडाने "दाबा, दाबा" म्हणतो आणि हात हलत नाही. काय करायचं ते त्याला माहीत आहे. त्या माहितीचा कृतीवर ताबा उरलेला नाही. झासेत्स्कीच्या अगदी उलटी ही अवस्था. त्याचं जग तुटलं होतं आणि ते जोडायची धडपड शाबूत होती. इथे जग शाबूत आहे आणि धडपड नाही.

लुरियांच्या नावाने ओळखली जाणारी हाताची एक चाचणी आजही जगभर वापरली जाते. टेबलावर आधी मूठ टेकवायची, मग हाताची कड, मग पालथा पंजा. मूठ, कड, पंजा. मूठ, कड, पंजा. डॉक्टर करून दाखवतात आणि रुग्णाने तेच सलग करायचं. फ्रंटल लोब बिघडलेल्या माणसाचा क्रम मोडतो, किंवा तो एकाच हालचालीत अडकून मूठ मूठ मूठ करत राहतो. पण थकलेला, घाबरलेला, हात दुखणारा माणूसही चुकतो. म्हणूनच 'चुकला' एवढीच नोंद लुरियांना मान्य नव्हती. अडकला का, क्रम विसरला का, चूक लक्षात आल्यावर सुधारली का, हे सगळं लिहायचं.

डोक्याला मार लागून स्वभाव बदललेल्या मुलाला रागावून, मारून किंवा देवर्षाकडे नेऊन काही मिळत नाही. त्याच्याकडून दिवसाचं काम लहान तुकड्यांत, ठरलेल्या वेळी, कोणीतरी शेजारी उभं राहून करून घ्यावं लागतं. हे कष्टाचं आहे आणि घरच्यांना दमवणारं आहे. तरीही 'माजला' म्हणण्यापेक्षा हे कारण माहीत असणं बरं, कारण त्यामुळे निदान घरातली भांडणं चुकीच्या माणसाशी होत नाहीत.

गैरसमज : अनपढ माणसाला चाचणी जमली नाही, म्हणजे त्याची बुद्धी कमी किंवा स्मृतिभ्रंश झाला

यावर मी जास्त थांबणार आहे, कारण आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायांवर सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो.

१९३१ आणि १९३२ च्या उन्हाळ्यांत लुरिया उझबेकिस्तान आणि किर्गिझियाच्या खेड्यांत गेले. कल्पना त्यांची आणि त्यांचे मित्र लेव विगोत्स्की यांची. क्षयाने आजारी असलेल्या विगोत्स्कींना सोबत जाता आलं नाही. १९३४ मध्ये ते गेलेच. प्रश्न असा होता की शाळा न पाहिलेला माणूस आणि थोडं शिकलेला माणूस यांच्या विचार करण्याच्या पद्धतीत फरक पडतो का. चहा पीत, गप्पांच्या ओघात लुरिया प्रश्न विचारत.

चार चित्रं दाखवायची: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यातलं वेगळं कोणतं? शाळेत गेलेला माणूस म्हणतो ओंडका, कारण बाकीची तिन्ही अवजारं आहेत. निरक्षर शेतकरी मात्र म्हणत की चारही लागतात. लाकूड नसेल तर करवतीचं करायचं काय? समोरच्याने सांगितलं की दुसरा एक माणूस ओंडका वेगळा काढतो, तर ते म्हणत, त्याच्याकडे सरपण भरपूर असेल, आमच्याकडे नाही.

दुसरा प्रश्न अस्वलांचा. उत्तरेकडे, जिथे बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. अमुक जागा उत्तरेत आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर येई की मी तिथे गेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीविषयी कसं सांगू. जो गेला असेल त्याला विचारा.

हे उत्तर मूर्खपणाचं आहे का? मला तर ते साक्षीदाराने द्यावं तसं प्रामाणिक उत्तर वाटतं. रंगांची नावं विचारली तेव्हा भरतकाम करणाऱ्या बायांनी रंगांना फुलांची, फळांची, जनावरांच्या शेणाचीही नावं दिली. आणि त्या रंगांचे गट पाडायला सांगितले, तर प्रत्येक छटा वेगळी असताना एकत्र कशी ठेवायची, हा त्यांचा सवाल होता. साडीच्या दुकानात आमसुली, मोरपंखी, डाळिंबी असं बोलणाऱ्या कोणालाही हे समजेल. थोडंसं शालेय शिक्षण मिळालेल्या तरुणांची उत्तरं मात्र पाहता पाहता बदललेली होती. म्हणजे फरक मेंदूच्या दर्जाचा नव्हता, शाळेने लावलेल्या सवयीचा होता.

इथे लुरियांवर झालेली टीकाही नोंदवली पाहिजे. त्यांच्या लिहिण्यात निरक्षर माणसाचा विचार खालच्या पायरीवरचा आणि शिकलेल्याचा वरच्या पायरीवरचा, असा सूर येतो. त्यांचं पुस्तक इंग्रजीत आणणारे मायकल कोल यांनीच पुढे दाखवलं की ही उतरंड पुराव्यातून निघत नाही. मला टीका पटते. गंमत म्हणजे सोव्हिएत सरकारला उलटा राग आला होता: तुम्ही शेतकऱ्यांना कमी लेखता, असा ठपका बसला आणि हे संशोधन चाळीसेक वर्षं छापलं गेलं नाही. १९७४ मध्ये ते रशियनमध्ये आलं, १९७६ मध्ये इंग्रजीत.

आता आपल्याकडे या. पंचाहत्तरीची एक आजी दवाखान्यात येते. तिला विचारतात, आज तारीख काय? साल कोणतं? शंभरातून सात वजा करत जा. एक वाक्य लिहून दाखवा. आजीने आयुष्यात कधी तारखेवर काम केलेलं नाही. तिचा काळ रोवणी, पोळा, दिवाळीनंतरची मंडई असा चालतो. ती गप्प राहते आणि कागदावर आकडा पडतो.

हे चूक आहे हे ओळखून आपल्या देशात चांगलं काम झालं आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमधल्या बहुसंख्य निरक्षर वृद्धांसाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी जगभर वापरली जाणारी चाचणी हिंदीत नव्याने बांधली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. शंभरातून सातऐवजी वीसमधून तीन. वाक्य लिहिण्याऐवजी, तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात निरक्षर, शाळेपर्यंत शिकलेले आणि कॉलेजपर्यंत शिकलेले यांचे निकष वेगवेगळे ठेवले आहेत. आजीची तुलना कॉलेजात शिकलेल्या माणसाशी करायची नाही, हा त्यामागचा विचार.

आणि खरी तुलना तर आजीची आजीशीच करायची असते. तीन वर्षांपूर्वी अमुक बांधीला पऱ्ह्यांच्या किती जुड्या लागतील हे ती उभ्या उभ्या सांगत होती, आता सांगू शकते का? धुऱ्याधुऱ्याने घरी येताना वाट चुकते का? भाजीत मीठ दोनदा पडतं का? तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारते का? नेहमीच्या वस्तूंची नावं अडतात का? या गोष्टी घरची सून जेवढ्या अचूक सांगेल तेवढ्या कोणत्याही कागदावर उतरणार नाहीत. त्या लिहून न्याव्यात. 'विसरते' एवढं सांगण्यापेक्षा काय विसरते आणि कसं विसरते, हे सांगितलं तर डॉक्टरचं अर्धं काम होतं. कानाने कमी ऐकू येणं, उदासीनता, थायरॉइडचा बिघाड, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, पडल्यावर डोक्यात साठलेलं रक्त, यांमुळेही विसरल्यासारखं होतं. आणि यांतलं बरंचसं उपचाराने सुधारतं.

गैरसमज : मेंदूचा दहाच टक्के भाग वापरला जातो, बाकीचा 'जागा' करता येतो

हे लवकर आटोपता येईल. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. नव्वद टक्के बिनकामाचा अवयव निसर्ग एवढ्या खर्चाने पोसत नाही. शिवाय नव्वद टक्के भाग रिकामा असता, तर झासेत्स्कीची गोळी त्या रिकाम्या जागेतून निघून गेली असती.

लुरियांनी मेंदूचं काम तीन मोठ्या भागांत मांडलं: खोल भाग जागं ठेवतो, मागचा भाग डोळे-कान-स्पर्शातून आलेली माहिती घेतो, लावतो, साठवतो, आणि पुढचा भाग बेत आखतो, अंमल करतो आणि झालेलं काम तपासतो. कोणतंही काम, अगदी स्वतःचं नाव लिहिणंसुद्धा, तिघांच्या सहकार्याशिवाय होत नाही. त्यामुळे 'डाव्या मेंदूची मुलं हिशेबी, उजव्या मेंदूची कलावंत' ही विभागणीही टिकत नाही.

महाराष्ट्रातल्या लहान शहरांपर्यंत पोचलेले 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग याच गैरसमजावर चालतात. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचून दाखवतं आणि आईबाप हजारो रुपये मोजतात. मध्यमेंदू डोळ्यांची हालचाल, बाहुलीचं आकुंचन, आवाजाकडे मान वळणं अशी कामं जन्मल्यापासून करतोच आहे. पट्टी बांधलेलं मूल नाकाच्या बाजूच्या फटीतून बघतं. फट नीट बुजवली की वाचन थांबतं. नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवाद्यांनी हे जाहीर आव्हान देऊन दाखवलं आहे. मला यात सगळ्यात वाईट वाटतं ते मुलाचं. त्याला पैसे भरून खोटं बोलायला शिकवलं जातं, आणि आईबाप खूश आहेत म्हणून ते खरं सांगू शकत नाही.

गैरसमज : पाठांतर दांडगं म्हणजे बुद्धी दांडगी

लुरियांकडे १९२० च्या दशकात सोलोमन शेरेशेव्हस्की नावाचा एक बातमीदार आला. संपादकाने पाठवला होता, कारण तो काहीही लिहून घेत नसे आणि सगळं लक्षात ठेवत असे. आकड्यांचे लांबलचक तक्ते तो सरळ, उलटे, तिरके सांगे, पंधरा वर्षांनीसुद्धा. लुरियांनी त्याला जवळजवळ तीस वर्षं तपासलं. आवाजाला त्याच्यासाठी रंग होता, रंगाला चव होती; प्रत्येक शब्दासरशी चित्र उभं राही.

आणि त्यामुळेच त्याला साधी गोष्ट वाचून तिचा मथितार्थ काढणं जड जाई. प्रत्येक शब्दाचं चित्र पुढच्या चित्राला धक्का देई. चेहरे लक्षात राहत नसत, कारण मनःस्थितीप्रमाणे चेहरा बदलतो आणि त्याच्यासाठी तो दरवेळी नवा असे. विसरता यावं म्हणून त्याने कागदावर लिहून कागद जाळून पाहिले. नोकऱ्या बदलत शेवटी तो रंगमंचावर स्मरणशक्तीचे खेळ करणारा झाला. अनावश्यक ते गाळणं हेसुद्धा मेंदूचं एक महत्त्वाचं काम आहे. घोकंपट्टीत मागे पडलेल्या मुलांच्या पालकांनी शेरेशेव्हस्कीचं आयुष्य जरूर वाचावं.

गैरसमज : घरात दोन-तीन भाषा असल्या की मुलाचं डोकं गोंधळतं

गोंदिया जिल्ह्यात घरी पोवारी किंवा गोंडी, बाजारात हिंदी, शेजारच्या पाहुण्यांशी छत्तीसगढी, शाळेत मराठी, असं सर्रास चालतं. त्यावरून मुलांना 'आधी एक भाषा धड शिका' असं सुनावलं जातं, आणि सोडली जाते ती घरची भाषा.

हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडलेला दिसला. शाळेत कधीच न गेलेल्यांमध्येही हा फरक होता. जगात इतरत्र झालेल्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक आढळलेला नाही, त्यामुळे यावरून औषधासारखं वचन देता येणार नाही. पण भाषांमुळे मेंदूचं नुकसान होतं, याला मात्र आधार नाही. लहान मूल दोन भाषांचे शब्द मिसळतं, कारण समोरच्याला दोन्ही कळतात हे त्याने ओळखलेलं असतं.

गैरसमज : डोक्याला तारा लावल्या की यंत्र खोटं पकडतं

लुरियांनी तरुणपणी याही वाटेने जाऊन पाहिलं होतं. गुन्ह्यातल्या संशयितांना शब्द ऐकवायचे, त्यांनी सुचेल तो शब्द बोलायचा आणि त्याच वेळी हाताने फुगा दाबायचा. मनात खळबळ असली की हाताच्या दाबाची रेषा विस्कटते. १९३२ मध्ये इंग्रजीत आलेल्या त्यांच्या पुस्तकात हे प्रयोग आहेत, आणि खोटं पकडण्याच्या यंत्रांच्या पूर्वजांत त्यांची गणना होते. पण रेषा खळबळ दाखवते. खळबळीचं कारण ती सांगत नाही. निरपराध माणूसही पोलिसांसमोर थरथरतो.

पुण्यात २००८ मध्ये एका खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेत बीईओएस या मेंदू-चाचणीच्या अहवालाचाही आधार घेतला गेला, आणि त्याची जगभर चर्चा झाली. ही पद्धत सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेली. ते आधी निम्हान्समध्ये होते. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अशा चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा अभिप्राय दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदू-चाचणी करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ला धरून नाही. गावात चोरीच्या संशयावरून कोणी 'मशीनवर बसवू' अशी धमकी दिली, तर हा निकाल माहीत असावा.

गैरसमज : सहा महिन्यांत सुधारला नाही, म्हणजे आता सुधारणार नाही

स्ट्रोकनंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीनेक महिन्यांत सर्वांत जास्त असतो, हे खरं. त्यानंतर तो मंदावतो. दार बंद होत नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण तेच काम शाबूत भागांकडून, वेगळ्या रस्त्याने करून घेता येतं, हे किसेगाचच्या रुग्णालयात लुरियांनी वारंवार दाखवलं. झासेत्स्कीचं सलग लिहिणं हा असाच एक वळसा.

त्याहून जुना एक प्रयोग त्यांनी आणि विगोत्स्कींनी कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णावर केला होता. सपाट जमिनीवर त्या माणसाचं पाऊल उचलत नव्हतं. जिना मात्र चढत होता. त्यांनी जमिनीवर कागदाचे तुकडे अंतराअंतरावर ठेवले आणि एकेक ओलांडायला सांगितलं. तो चालू लागला. आपोआप चालण्याची यंत्रणा बिघडली होती. डोळ्याने खूण पाहून, ठरवून टाकलेलं पाऊल मेंदूच्या दुसऱ्या भागातून निघत होतं. आजही फिजिओथेरपीत जमिनीवर पट्ट्या चिकटवून हेच करतात. घरात करायचं तर कागद नको, पाय घसरेल. चुन्याच्या किंवा रंगाच्या आडव्या रेघा चालतील. दोन रेघांतलं अंतर रुग्णाच्या पावलाप्रमाणे थेरपिस्टकडून ठरवून घ्यावं आणि सुरुवातीला कोणीतरी बाजूला उभं राहावं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा आजार आणि अफेजियामुळे आलेलं कायमचं वाचा-भाषा दिव्यांगत्व या दोन्हींचा समावेश आहे. हात-पाय चालत असले तरी या कारणांसाठी प्रमाणपत्राचा अर्ज करता येतो.